माझा ओव्हन वीज खात नाही

माझा ओव्हन वीज खातच नाही, असं मी गल्लीभर सांगत फिरायचे. माझ्या खांद्याएवढा उभा ओव्हन, सकाळपासून धगधगायचा, आणि बिल बघावं तर जेमतेम पूर्वीइतकंच. विकणारा म्हणालाच होता, "ताई, नव्या पद्धतीचा आहे, करंट कमी ओढतो." एरवी मी दुकानदाराच्या बोलण्यावर काडीचा विश्वास ठेवत नाही, पण ही गोष्ट माझ्या सोयीची होती, म्हणून ठेवला. एकदाच काय तो ओव्हन रुसला होता. भरलेले ट्रे आत असताना बंद पडला, दोन थपडा खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाला. "माझ्या हाताला यंत्रंसुद्धा घाबरतात," असं मी नवऱ्याला ऐकवलं होतं. तो म्हणाला, "यंत्रांचं सोड, माझं काय?"

बिस्किटं हा माझा धंदा. नवऱ्याचा कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला, तेव्हापासून आमचं घर या ओव्हनवर चालतं. मोठ्या इस्पितळाच्या कॅन्टीनला रोज बिस्किटांचे डबे जातात. भाजायचं मी, डबे सायकलवरून पोचवायचे त्याने, ट्रे घासायचे त्याने, आणि माझा आरडाओरडा ऐकून घ्यायचाही त्यानेच.

ओव्हनला जागा मिळाली ती शेजारच्या रंगाऱ्यामुळे. आमची दोन्ही घरं एका भिंतीला चिकटलेली. रंगारी काम करताना शिडीवरून पडला आणि कंबर मोडून घेतली. उपचारांसाठी त्यांनी घराची मागची खोली विकायला काढली. ती आमच्याही घराला लागून होती, म्हणून मी घेतली. माझ्या बाजूने भिंत फोडून दार केलं आणि त्यांच्या बाजूचं दार एका विटेच्या भिंतीने बुजवलं. गवंड्याने गिलावा इतका सफाईने केला की तिथे कधी दार होतं हे सांगून खरं वाटू नये. मग इलेक्ट्रिशियन आला. त्याने खोलीतला जुना बोर्ड उघडला, वायर चिमटीत धरून बघितली, "जाड आहे, ओव्हन सहज पेलेल," म्हणाला आणि मोठा प्लग बसवून गेला. तेवढ्यावर माझा कारखाना सुरू झाला.

रंगाऱ्याच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. ती एका दवाखान्यात साफसफाई करते. बाई अंगाने एवढीशी, पण कामाला वाघ. तिची एकच रड असायची. महिन्याला बिल हातात आलं की माझ्या दारात उभी. "ताई, बघा हो हे. मीटर भूत लागल्यासारखा पळतोय."

मग मी उपदेशाला बसायचे. मला उपदेश करायला आवडतो, लपवण्यात काय अर्थ आहे! "वहिनी, पंखा बंद करत जा. दिवा जळत ठेवू नका. माझ्याकडे बघा, एवढा ओव्हन चालवते, तरी बिल आटोक्यात आहे की नाही?" ती बिचारी मान हलवायची. तिने आधी टीव्ही विकला. मग फ्रिज काढला. तो मीच घेतला, लोणी ठेवायला. मोडकाच होता, सुरू होताना म्हाताऱ्यासारखा कण्हायचा, दोन आचके द्यायचा आणि मग गुरगुरत बसायचा. तो मी मागच्या खोलीत ओव्हनशेजारी ठेवला. फ्रिज गेल्यावरही वहिनीचं बिल काही उतरेना. ती विजेच्या ऑफिसात खेटे घालून आली. त्यांनी मीटर तपासला आणि सांगितलं, मीटर बरोबर आहे, तुम्हीच जपून वापरा. आता आणखी काय जपायचं? दिवेलागणीला नवरा-बायको घरात अंधार करून उंबऱ्यावर बसायची आणि रस्त्यावरच्या दिव्यात ती धान्य निवडायची. मी येता-जाता बघायचे आणि मनात म्हणायचे, ही बाई काहीतरी लपवून चालवत असणार, उगाच का मीटर पळतो!

शेवटी बिलं थकली आणि माणसं येऊन त्यांचं कनेक्शन तोडून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी गच्चीवर ट्रे वाळत घालायला गेले, तर विजेच्या तारेवर आकडा. तिथून काळी वायर गच्चीच्या कडेने खाली उतरून वहिनीच्या खिडकीत शिरली होती. वर चिंध्या गुंडाळलेल्या, कुणाला दिसू नये म्हणून. मी वाकून बघत होते आणि खालून वहिनी माझ्याकडे बघत होती. मग ती आत गेली. मीही ट्रे मांडून खाली आले.

दुसऱ्या दिवसापासून ती माझं अंगण झाडायला लागली. आधी स्वतःचं दार झाडायचं, मग तोच झाडू माझ्या दारापर्यंत आणायचा. मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. पहिले काही दिवस मला बरं वाटलं, खोटं का बोलू. पुढे तो झाडूचा आवाज डोक्यात जायला लागला. एकदा म्हणाले, "वहिनी, राहू द्या, मी झाडेन." तर तिचा चेहरा असा उतरला की मीच म्हटलं, "बरं, झाडा."

हे असंच चाललं असतं. पण गल्लीच्या तोंडावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. दुरुस्त केला, तर पुन्हा उडाला, आणि या वेळी वीज लवकर येईना. माझ्या परातीत मळलेलं पीठ आंबून गेलं. लोणी वितळून फ्रिजखाली ओघळलं. कॅन्टीनला डबे गेले नाहीत. कॅन्टीनच्या मॅनेजरने नवऱ्याला उभ्याउभ्या सांगितलं, "आजारी माणसांचं खाणं आहे हे. आणखी एकदा खाडा झाला तर परत येऊ नका. फॅक्टरीचा माल आम्हाला रोज मिळतो."

नवरा घरी आला आणि रिकामे डबे एकात एक घालत बसला. मला वाटलं, आता हा रडतो की काय. तो रडला असता तर मी काय केलं असतं ठाऊक नाही, म्हणून मी त्याच्यावर खेकसले.

शेवटी एका सकाळी वीज आली आणि तिच्यामागोमाग विजेच्या कंपनीचा साहेब आला, सोबत वायरमन. साहेबाने गल्लीतल्या सगळ्यांना गोळा केलं. "या लाइनवर कुणीतरी चोरून मोठा लोड ओढतंय," तो म्हणाला. "आता जोडून दिलंय. पण चोर सापडला नाही तर हा पुन्हा उडणार, आणि मग महिनाभर माझ्याकडे यायचं नाही." गल्लीतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. वहिनी सगळ्यांच्या मागे उभी होती. हात पदरात.

मी घरात येऊन पहिले ट्रे ओव्हनमध्ये सरकवले आणि नवऱ्याला म्हणाले, "मी सांगणार आहे."

"कुणाचं? वहिनीचं?" त्याने हातातला ट्रे खाली ठेवला. "अगं, त्यांच्याकडे एक दिवा आणि एक पंखा आहे. त्याने ट्रान्सफॉर्मर उडतो होय?"

"साहेबांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

"कळू दे. रंगारी दिवसभर पाठीवर पडून असतो. पंखा बंद झाला की त्याच्या पाठीला जखमा होतात. शेजारी म्हणून काही..."

"शेजारधर्म मला नको शिकवूस!" माझा आवाज चढला. "खाडा झाला तर काय खायचं? तुझी दया भाजून डब्यात भरू? ती काय करते ते मी आकडा बघितल्यापासून पोटात ठेवलंय. आता माझ्याच पोटावर पाय येतोय."

तो ट्रे उचलून घासायला बसला. त्याचं असं घासत बसणं मला शंभर शिव्यांपेक्षा लागतं.

तेवढ्यात साहेबच दारात आला. घरोघरी विचारत चालला होता. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. भाजणाऱ्या बिस्किटांचा वास घरभर सुटला होता. साहेब म्हणाला, "ताई, तुमचं तर पोटच विजेवर. तुमच्या नजरेला काही पडलं असेल तर सांगा. नाव बाहेर येणार नाही."

बाहेर झाडूचा आवाज येत होता. माझ्याच दारात.

"गच्चीवर जाऊन बघा," मी म्हणाले.

झाडू थांबला.

पुढचं सगळं भराभर झालं. वायरमन गच्चीवर चढला आणि वरूनच ओरडला, "साहेब, सापडला! वायर बघा, करपलीय पार!" साहेब खालून "थांब, थांब" म्हणेपर्यंत त्याने काठीने आकडा तारेवरून उडवला. मी माझ्या पुढच्या खोलीत उभी होते. माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. मनात म्हटलं, सुटले. आता ट्रान्सफॉर्मर उडणार नाही, डबे जातील, सगळं मार्गी लागेल.

मग बिस्किटं बघायला मागच्या खोलीत गेले, तर तिथे अंधार.

ओव्हनचा लाल दिवा विझला होता. फ्रिजची गुरगुर बंद. मी बटणं खालीवर केली. काही नाही. मागे वळून बघितलं, पुढच्या खोलीत पंखा गरगर फिरतोय. परत ओव्हनकडे बघितलं. असाच एकदा बंद पडला होता ना हा? कधी? ज्या दिवशी वहिनीचं कनेक्शन तोडलं, त्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी थपडांना घाबरून सुरू झाला, तो वहिनीने आकडा टाकल्यावर.

 ही खोली त्यांची होती. बोर्ड त्यांचा, वायर त्यांची, आणि ती वायर भिंतीतून त्यांच्या मीटरकडे जात होती. आम्ही दार बुजवलं आणि वायर तशीच राहिली. गवंड्याने विटा बघितल्या, इलेक्ट्रिशियनने जाडी बघितली, मी जागा बघितली. ओव्हन आला त्या दिवसापासून माझी बिस्किटं वहिनीच्या मीटरवर भाजली जात होती. तिने टीव्ही विकला तेव्हाही. तिने फ्रिज विकला, तर तो मी भिंतीच्या अलीकडे आणून तिच्याच मीटरवर लावला. ती अंधारात बसून माझं बिल भरत होती आणि मी तिला सांगत होते की पंखा बंद करत जा! त्या बिलांपायी तिचं कनेक्शन तुटलं, मग घरातल्या त्याच वायरिंगला जोडलेला आकडा, आणि त्या आकड्यावर पुन्हा माझाच ओव्हन. साहेब शोधत होता तो चोर इथे उभा होता, हाताला पीठ लागलेला.

भिंतीपलीकडून साहेबाचा आवाज आला. बुजवलेल्या दाराची भिंत एका विटेची, सगळं ऐकू येतं. तो वायरमनला झापत होता. "लोड मोजायच्या आधी आकडा काढायला कुणी सांगितलं? परत टाक. मोजल्याशिवाय दंड कशावर लावू?"

मी विचार केला नाही. हात आपोआप गेला. ओव्हनचा प्लग बंद केला, फ्रिजचा बंद केला. नवऱ्याने दारातून विचारलं, "काय करतेस?" मी म्हणाले, "काही नाही."

आणि माझ्या डोक्यावरचा बल्ब लागला. वर गच्चीत वायरमनने आकडा टाकला होता, आणि इकडे माझा बल्ब लागला. नवऱ्याने बल्बकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला सांगावं लागलं नाही. कारखान्यात वायरी-यंत्रांची बारा कामं केलेला माणूस तो.

"अगं," तो एवढंच म्हणाला.

"बोलू नकोस," मी म्हणाले. "एक शब्द बोलू नकोस. हे कळलं तर ओव्हन जप्त करतील. मग आपण दोघं काय करायचं? सांग ना, काय करायचं?"   पलीकडे साहेब म्हणत होता, "अरे, हे तर काहीच नाही. एवढ्याने वायर करपते होय?" आणि माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, चला, लोड कमी दिसला, वहिनीही थोडक्यात सुटेल. मी तिला वाचवलं, असंसुद्धा वाटलं मला! माणूस किती पटकन स्वतःची समजूत घालतो.

पण साहेब काही काल नोकरीला लागलेला नव्हता. "शेगडी कुठाय?" त्याने विचारलं. "हीटर? काय लपवलंत? आम्ही गल्लीत आलो तेव्हाच उचलून ठेवलंत ना? मग मी जळलेली वायर बघून सगळा लोड धरणार. चोरी ती चोरी, वर पुरावा लपवणं. पोलिसांतच जायचं मग."

"साहेब, शपथ घेते, काही नाही हो," वहिनीचा आवाज. "एक दिवा, एक पंखा. चोरी केली, नाही म्हणत नाही. ह्यांच्या पाठीसाठी केली. पण शेगडी नाही. एवढीशी खोली, लपवू कुठे?"

भांडी सरकल्याचा आवाज आला. ट्रंक ओढल्याचा. मग साहेब म्हणाला, "यांना उठवा जरा, खाटेखाली बघू दे." आणि रंगारी कळवळला. एरवी तो आवाज करत नाही. पडल्या दिवशीसुद्धा त्याने दात आवळून धरले होते, सगळी गल्ली सांगते.

मी धावत बाहेर गेले. कशासाठी, माझं मला माहीत नव्हतं. वहिनीच्या दारात गर्दी जमली होती. आत तिचं बिऱ्हाड जमिनीवर पसरलेलं. कपडे, डबे, रंगाऱ्याचे वाळून कडक झालेले कुंचले. खिडकीतून येणाऱ्या वायरला साहेबाने लोड मोजायचा चिमट्यासारखा मीटर लावून ठेवला होता, आणि वायरमन रंगाऱ्याला बगलेत धरून उभा होता. रंगाऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

वहिनीने मला बघितलं. झाडू थांबला तेव्हा तिने ऐकलंच असणार मी काय बोलले ते. मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर येईल. यायलाच हवी होती. मी वाटच बघत होते म्हणा ना. पण तिने पुढे येऊन माझे पिठाचे हात धरले.

"ताई, तुम्ही सांगा यांना," ती म्हणाली. "तुम्ही खरं तेच बोलता. आकडा दिसला, तुम्ही सांगितलं, तुमचं चुकलं नाही. आता हेही सांगा. माझ्या घरात काय आहे, काय नाही, तुम्हाला ठाऊक आहे. टीव्ही गेला, फ्रिज तर तुम्हीच नेलात. तुम्ही सांगितलं तर ऐकतील ते."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. "काय ताई? हिच्याकडे काही मोठं आहे का?"

गर्दीत मागे माझा नवरा उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. मला ओव्हन दिसत होता, आत अर्धकच्ची बिस्किटं. कॅन्टीनचा मॅनेजर दिसत होता. एकात एक घातलेले रिकामे डबे. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. वहिनीकडे काहीच नव्हतं. मी खरं बोलून गप्प घरी जाऊ शकत होते, आणि साहेबाने तरीही तिलाच धरलं असतं.

"साहेब," मी म्हणाले, "आकडा तारेवर आहे ना अजून?"

"आहे."

"मग पुन्हा मोजा. मीटरवरून नजर काढू नका."

मी वहिनीच्या हातातून हात सोडवून घेतले. गर्दी बाजूला झाली. माझ्या घरात शिरले, पुढची खोली ओलांडली, मागच्या खोलीत गेले. नवरा मागोमाग आला आणि दारात थांबला. "नक्की?" त्याने विचारलं.  मी आधी ओव्हनचा स्विच दाबला. लाल दिवा लागला.

भिंतीपलीकडे साहेब म्हणाला, "अरे! हे चढतंय... हे बघ, चढतंय!"

मग फ्रिजचा दाबला. तो कण्हला. दोन आचके दिले आणि गुरगुरायला लागला.

 पावलं भिंतीजवळ आली, जिथे पूर्वी दार होतं तिथे. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"अहो," वहिनी रंगाऱ्याला म्हणाली, "हा तर आपला फ्रिज."

मी स्विचवरून हात काढला नाही.